फोनवरचं मुंगूस

मुन्ना इस्त्रीवाल्यानं हँगरला लावलेली खाकी वर्दी दोन्ही हातांनी पुढं केली आणि म्हणाला, "लो साहब, आपकी वर्दी. कॉलर पे डबल हाथ मारा है." एवढ्यावर थांबला असता तर काही बिघडलं नसतं, पण त्यानं इस्त्री बाजूला ठेवली, टाच टाचेला लावली आणि सलाम ठोकला. भूपेंद्रनं तिथंच सांगायला हवं होतं की बाबा रे, वर्दी माझी नाही, माझ्या बायकोची आहे. शर्टाचे खांदे बघ आणि माझे बघ. एका वाक्याचं काम होतं. पण त्याच्या तोंडून "हां" गेलं. नुसतं हां नाही, तर मान जराशी कलती करून, सलाम घ्यायची रोजची सवय असलेला माणूस घेतो तसा त्यानं तो घेतला. मुन्नाला तेवढ्यानं हुरूप आला. "साहब, उधर सालेकसा के जंगल में शेर-वेर दिखता है क्या?" "दिखता है कभी कभी," भूपेंद्र म्हणाला आणि वर्दीला सुरकुती पडू नये म्हणून हँगर उंच धरून स्टेशनच्या रस्त्याला लागला. गल्लीचं वळण येईपर्यंत त्याला छान वाटत होतं. चाल बदलली होती, छाती पुढं आली होती, समोरून येणारा सायकलवाला आपणहून बाजूला झाल्यासारखा वाटला. वळणावर पानठेल्याच्या आरशात त्यानं स्वतःला पाहिलं: चुरगळलेला चौकड्याचा शर्ट, पाठीला कोचिंग क्लासनं फुकट दिलेली बॅग, आणि डोक्याच्या वर हातात लटकणारी एक रिकामी वर्दी. कान तापले. आणि मग, खोटं बोलल्याची लाज वाटायच्या आधी, त्याला त्या वर्दीचा राग आला.

भूपेंद्रचं शिक्षण ऐकलं की लोकांच्या चेहऱ्यावर आधी आदर येतो आणि लगेच मागून प्रश्न येतो, सध्या काय करता. वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी., तीही इथली नाही, बाहेरची, जिथं देशभरातून मूठभर पोरं घेतात. नंतर प्रकल्प. आधी गिधाडांचा, मग पाणथळ जागांचा, मग काही महिने फुलपाखरांचासुद्धा. प्रकल्प संपताना साहेब खांद्यावर हात ठेवून सांगतात, पुढच्या वर्षी पैसे आले की आधी तुम्हालाच बोलावणार. पुढचं वर्ष येतं, पैसेही येतात, पण ते दुसऱ्याच प्राण्यावर गेलेले असतात. त्याच्याबरोबर शिकलेला एकजण आता परदेशात बिबट्यांवर व्याख्यानं देतो, एकीनं ताडोब्याच्या वाटेवर पाहुण्यांसाठी बंगला काढला आहे, आणि भूपेंद्र गोंदियात बारावीच्या पोरांना बेडकाचं हृदय शिकवतो. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं आहे की बेडूकही कंटाळला असेल. परवा वर्गात एका पोरीनं विचारलं, सर, वाइल्डलाइफमध्ये करिअर करायचं असेल तर काय शिकावं? तो खडू झटकत म्हणाला, "जंगलात राहायचं असेल तर शिकू नका, धावा." पोरं हसली. त्यांना वाटलं सर गंमत करताहेत. वनरक्षक भरतीत बारावी पुरते, वर धावायचं असतं आणि मैलोन्‌मैल चालायचं असतं, हे त्यानं मग नीट समजावून सांगितलं. कोणाच्या अनुभवावरून सांगतो आहे हे सांगितलं नाही.

पॅसेंजरमध्ये त्याला खिडकी मिळाली. वर्दी त्यानं वरच्या रॅकच्या सळईला अडकवली आणि ती गाडीच्या हेलकाव्याबरोबर त्याच्या डोळ्यांसमोर झुलत राहिली. आमगावच्या पुढं एप्रिलची रिकामी शेतं लागली, धानाची खुंटं उन्हानं पांढरी पडलेली. मध्येच एखादा तलाव, अर्ध्यावर आटलेला, काठाला बगळे. तलाव दिसला की त्याची नजर आपोआप पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खालच्या दगडांवर जाते. माणसं तलावाकडं पाहतात तेव्हा पाणी पाहतात, कमळं पाहतात. हा दगड पाहतो, कारण पाणमांजर सपाट दगडावर विष्ठा टाकतं आणि भूपेंद्रनं त्यावरच आपला प्रबंध लिहिला आहे. इटियाडोह धरणाच्या काठानं एक अख्खा हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा तो चालला. दगडावरची विष्ठा, चिखलातले पंजे, ओलसर घसरगुंड्या, अर्धवट खाल्लेली माशांची डोकी, सगळं त्याला सापडलं. जनावर दिसलं नाही. पहाटे गेला, भर दुपारी गेला, गवतात पालथा पडून राहिला, अंगावरून घोरपड गेली पण पाणमांजर आलं नाही. मार्गदर्शक म्हणाले, हरकत नाही, खूण हाच पुरावा. पहिला वर्ग मिळाला. नंतर त्याला कोणी कधी विचारलंही नाही की पाहिलंस का, पाणमांजरावर एम.एस्सी. केलेल्या माणसाला असं विचारायचं कोणाच्या मनातच येत नाही. बापाला मात्र सगळं माहीत होतं. कोहमाऱ्याच्या पुढं त्यांचं गाव, आणि घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पाळ कुठून घालायची आणि पाणी कोणत्या अंगानं सोडायचं हे विचारायला अजून आसपासची माणसं त्याच्या बापाकडं, पुनारामकडं येतात. पुनाराम ओसरीवर बसून, आल्यागेल्यासमोर, अगदी सहज म्हणायचा, "आमच्या आज्या-पणज्यानं तलाव बांधले न् हा त्याच तलावाच्या काठानं लेंड्या वेचून राहिला." माणसं हसायची. बापही हसायचा. भूपेंद्रही हसायचा, कारण त्या वेळी त्याला खात्री होती की एक दिवस तो जीपमधून गावात येईल आणि बाप उठून उभा राहील.

बाप उठून उभा राहिला. गेल्या दिवाळीत, दामिनी पहिल्यांदा वर्दीत घरी आली तेव्हा. तिला सरळ वनखात्याच्या रेंजवरूनच यावं लागलं होतं, कपडे बदलायला वेळ नव्हता. पुनाराम ओसरीवरून उठला, धोतराचा सोगा सारखा केला आणि सुनेला म्हणाला, "बस बाई." तेवढंच. पण भूपेंद्र दारात उभा होता आणि त्यानं ते उठणं पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, पूर्ण उठणं. त्याच्यासाठी त्या बापानं कधी पाय आखडले नव्हते. पोटात दुखणं म्हणतात ते खरंच पोटात दुखतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. बरगड्यांच्या खाली, उजवीकडं.

आणि तिला तिथवर नेलं कोणी? त्यानंच. यातच सगळी गोम होती. त्याचं वय निघून गेलं होतं, तिचं होतं. ती बी.ए. होऊन घरात बसली होती, कोचिंग क्लासच्या झेरॉक्स लावून द्यायची. तो म्हणाला, दे ना परीक्षा, मी घेतो तयारी. पहाटे मैदानावर ती धावायची आणि तो काठावर उभा राहून ओरडायचा. चालण्याच्या चाचणीच्या दिवशी तो स्कूटरवर तिच्या बाजूबाजूनं गेला, हातात पाण्याची बाटली आणि ग्लुकोज. शेवटच्या टप्प्यात तिचा बूट चावायला लागला. ती लंगडत होती, ओठ पांढरे पडले होते, डोळे रस्त्यावर. बाकीच्या पोरी पुढं जाऊ लागल्या. "चाल, चाल दामिनी, थोडं राहिलं," तो ओरडत होता, आणि त्याच वेळी आत, अगदी आत, कोणीतरी शांतपणे म्हणत होतं, बस आता, बस खाली. त्यानं ते ऐकलं आणि घाबरून आणखी मोठ्यानं ओरडला. ती बसली नाही. चाचणी संपल्यावर रक्ताळलेला मोजा काढताना ती त्याच्याकडं पाहून हसली आणि म्हणाली, "तुमी नसते तर मी बसली असती." त्याला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण पाया कोण पडतं बायकोच्या. त्यानं ग्लुकोज दिलं.

तिची पहिली नेमणूक सालेकसाला झाली, तशी त्यांच्यात एक रीत पडली. तिच्या वननाक्यावर फोन लागत नाही. रोज संध्याकाळी ती रेल्वे लाइनच्या चढावर येते, तिथं सिग्नल मिळतो, आणि दिवसभरात काय दिसलं ते सांगते. तिला नावं येत नाहीत. तिला येतात स्वैपाकघरातल्या उपमा. "डोकं असं, झाऱ्यावाणी." "पाठ करपल्या भाकरीसारखी, टिपके टिपके." "आवाज कुकरची शिट्टी अडकते तसा." आणि इकडं गोंदियात, कोचिंग क्लासच्या जिन्यात बसून भूपेंद्र डोळे मिटतो आणि सांगतो: हुदहुद. घोरपडीचं पिल्लू. रातवा. ती म्हणते, "बरं, लिहून टाकते," आणि तिच्या दैनंदिनीत त्यानं दिलेलं नाव उतरतं. रेंजमध्ये तिचं कौतुक होऊ लागलं होतं, नवी गार्ड बरीच जाणकार आहे म्हणून. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट दिवसातला तोच एक वेळ होता जेव्हा तो बेडकाच्या बाहेर यायचा. ती चालायची, घाम तिचा, काटे तिचे. पण जोवर तो नाव देत नाही तोवर तिनं पाहिलेलं ते नुसतं झाऱ्यावाणी काहीतरी असायचं. पाहणं तिचं असेल, ओळखणं त्याचं होतं. संसारात एवढी वाटणी पुष्कळ झाली, असं त्याला वाटायचं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती. चढ पळत आली होती. "आज काय दिसलं सांगू? आमच्या इकडच्या तलावावर गेली होती मी, आग पाहाले. तं पाळीखालून, त्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळ्यांतून निघाले. एक निघालं, मंग दुसरं, असे चार. पाण्यात गेले तं नुसत्या मुंड्या वर. शेपूट जाड, बेलण्यावाणी. एकानं मासा आणला न् काठावर बसून दोनी हातानं धरून खाल्ला, लेकरू भुट्टा खाते तसा, खुशाल, मी उभी होती तरी. मले वाटते तुमचंच जनावर आहे ते. तुमी लग्नानंतर पुस्तकात दाखवलं होतं ना, तेच."

जिन्यातला दिवा लागायचा होता. वर वर्गात पोरांचा गलका चालू होता. भूपेंद्रच्या हातात फोन होता आणि तो त्यानं कानापासून थोडा दूर धरला, जणू त्यातून वाफ येत होती. तिनं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची त्याला आतून साक्ष पटत होती. मुंड्या. बेलणं. दोन्ही हातांनी मासा. हे पुस्तकात नव्हतं, पुस्तकात नुसता फोटो होता. हे पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकलं नसतं. चार. आग पाहायला गेलेल्या बाईला, बूट नीट न बांधता, सहज. तिला ना ते हवं होतं, ना तिनं त्यासाठी गवतात पोट घासलं होतं. त्याला हेवा वाटला. दुसरा शब्द नाही, आणि शोधायची गरजही नाही. नोकरीचा हेवा त्यानं पचवला होता, वर्दीचाही, बापाच्या उठण्याचासुद्धा. त्या सगळ्यांवर त्यानं कधी ना कधी हसून पाणी टाकलं होतं. पण हे त्याचं होतं. हे त्याचंच जनावर होतं, ती स्वतः म्हणाली तसं, आणि ते त्याला सोडून तिच्यासमोर येऊन बसलं आणि जेवलं.

"मुंगूस असेल," तो म्हणाला.

"मुंगूस? पाण्यात?"

"मोठं मुंगूस राहते एक. पाण्याकाठीच राहते, पोहते बी."

"न् चार चार?"

"मादी न् पिल्लं असतील. पाणमांजर तिकडं नाहीच, दामिनी. मी त्यावर काम केलं आहे."

पलीकडून मालगाडी जात होती. डबे एकेक करून संपले. मग ती म्हणाली, "बरं. मुंगूस लिहून टाकते." आणि तिनं खरंच लिहिलं असणार, कारण दामिनी सांगितलं ते करते. त्या रात्री त्याला छान झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर तेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

दोन दिवसांनी ती सहज बोलून गेली की त्या तलावाचं खोलीकरण निघालं आहे, सोमवारी खोदायचं मशीन लागणार, पाळीच्या बाजूनं आत उतरवणार आहेत, मुळ्याबिळ्या काढून. रेंजर साहेबांनी विचारलं, तिथं काही आहे का; तिनं सांगितलं, मुंगूस आहे. मुंगसासाठी कोणी तलावाचं काम थांबवत नाही, आणि तेही खरंच आहे. भूपेंद्रनं तेव्हा बोलायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर पाळ आली, अर्जुनाची पाण्यात उतरलेली मुळं, मुळांच्या आड कोरडं बीळ, बिळाच्या तोंडाशी मशीनचा दात. तोंड उघडलंही त्यानं. पण मुंगसाला पाणमांजर करायचं तर आधी मुंगूस का म्हटलं ते सांगावं लागणार होतं. "जेवलीस का?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. आणि काल तिचा पुन्हा फोन: "रविवारी साहेब तलाव पाहाले येऊन राहिले. माझी चांगली वर्दी तिकडंच राहिली, इस्त्री करून आणता का? न् तुमी बी चाला तलावावर. मी साहेबाले म्हटलं, माझे मिस्टर त्याच्यातलेच शिकलेले आहेत." त्यानं काहीतरी कारण शोधायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "या ना."

सालेकसाच्या फलाटावर ती उभी होती. जुन्या विटक्या वर्दीत, अंगाला धुराचा वास, एक भुवई अर्धी जळालेली. वणवा विझवून तशीच आली होती. "भुवई?" तो म्हणाला. "येईल," ती म्हणाली आणि हँगर हातात घेऊन कॉलर पाहून खूश झाली. नाक्यावर जाऊन तिनं कपडे बदलले, त्याच्यासमोर ताटात भात आणि सुकवलेल्या माशाचा रस्सा ठेवला, आणि मग ती दुचाकी चालवायला पुढं बसली आणि तो मागं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहफुलं पडून आंबली होती, त्याचा गोड, जड वास येत होता. टोपल्या घेतलेल्या बाया वाकून फुलं वेचत होत्या आणि गाडी दिसली की सरळ होऊन हात वर करत होत्या. दामिनी प्रत्येकीला नावानं हाक मारत होती. "ह्या कुंदाबाई," ती मागं वळून सांगत होती. "ह्यांनीच परवा आग दाखवली." भूपेंद्रला वाटलं, या रस्त्यावर हे सगळं माझं असायला हवं होतं: ही हाक, ह्या कुंदाबाई, ही जळालेली भुवईसुद्धा. दोन वेळच्या भातासारखं ते सगळं तिला मिळत होतं आणि तो तिच्या पाठीमागं बसून वास घेत होता.

तलावावर मशीन आधीच येऊन सावलीत थांबलं होतं. ठेकेदाराचा मुकादम टिंकू, गळ्यात रुमाल, मशीनच्या दातावर बसून तंबाखू मळत होता. जीपमधून रेंजर साहेब उतरले, वयानं भूपेंद्रएवढेच, सभ्य माणूस. दामिनीनं सलाम केला. साहेबांनी तो घेतला आणि हात भूपेंद्रपुढं केला. "सर, मॅडम नेहमी सांगतात तुमच्याबद्दल. एकदा पाहून घ्या म्हटलं, तुमच्यासारख्यांची नजर वेगळी." सर. भूपेंद्रनं मान हलवली आणि कोणाशी काही न बोलता एकटाच पाळ उतरला.

आपण काय म्हणणार आहोत हे त्यानं ठरवलं नव्हतं. पॅसेंजरमध्ये ठरवलं होतं की काही सापडलं नाही म्हणायचं. रश्शाच्या घासाबरोबर ठरवलं होतं की शक्यता नाकारता येत नाही म्हणायचं, हे वाक्य प्रकल्पांच्या अहवालांत फार चालतं. खाली वाळलेल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. अर्जुनाची मुळं जाडजूड, पाण्यापर्यंत आलेली. मुळांच्या पुढं एक सपाट दगड होता, आणि दगडावर ती होती. ताजी. काळपट हिरवी, ओलसर, माशांच्या खवल्यांनी चमचमणारी. तो गुडघ्यांवर बसला. हातात घेतली, बोटांनी फोडली: खवले, काट्याचा तुकडा, खेकड्याच्या कवचाचा लाल कण. नाकाजवळ नेली. तो वास, मासळीचा आणि खाली किंचित गोडसर, त्याला एवढ्या वर्षांनी आला आणि त्याचा चेहरा आपोआप पसरला. तो विसरला. कोणाला दिसलं, कोणाला नाही, वर्दी कोणाची, बाप कोणासाठी उठला, सगळं. बाजूच्या चिखलात पंजा होता, पाच बोटं, मध्ये पडदा. त्याच्या बाजूला लहान पंजा. मग आणखी एक. मुळांच्या आत हात घातला तर गार, कोरडी हवा लागली. "आहे!" तो ओरडला, बारावीतल्या पोरासारखा. "साहेब, पाणमांजर आहे! आजची आहे ही! पिल्लं आहेत आत!"

साहेब धोतऱ्याच्या झुडपांना टाळत खाली आले, मागं टिंकू, मागं दामिनी. भूपेंद्र त्यांना दाखवत सुटला, खवले, पंजे, घसरगुंडी. बोलताना त्याचे हात चिखलानं आणि विष्ठेनं माखले होते आणि आवाजात काही लपवलेलं नव्हतं. टिंकू तंबाखू थुंकून म्हणाला, "पर मॅडम तो नेवला बोली थी."

साहेब वळले. "हो की. दामिनी, तू मुंगूस सांगितलं होतंस."

भूपेंद्रचे हात तसेच अधांतरी राहिले. दामिनी त्याच्याकडं पाहत नव्हती. समोर, साहेबांच्या खिशाकडं पाहत, पाय जुळवून ती म्हणाली, "चुकलं साहेब."

"अगं, घरात एवढा जाणकार माणूस असताना विचारायचं तरी. उद्या मशीन उतरलं असतं इथं." फार रागानं नाही, पण टिंकूसमोर. मग टिंकूला म्हणाले, "ही बाजू सोडून द्यायची. मशीन परत घेऊन जा, पुढचं मी वर बोलतो." टिंकू कुरकुरला, तर त्याला नुसता हात दाखवला. आणि मग साहेबांनी भूपेंद्रचा तो घाण झालेला हात तसाच हातात घेतला. "सर, आमच्या रेंजमधले सगळेच तलाव एकदा पाहून द्याल का? दोन-तीन महिन्यांचं काम होईल. तज्ज्ञ म्हणून तुमचं नाव पाठवतो मी." ते हात पुसत पाळ चढून गेले. तज्ज्ञ. किती वर्षं त्यानं हा शब्द दुसऱ्यांच्या नावापुढं वाचला होता. आता तो आला होता, तिच्या डोळ्यांनी पाहिलेल्या जनावरावर, तिनं आपल्या डोक्यावर घेतलेल्या चुकीवर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथं बीळही होतं. त्याला आनंद झाला, आणि तो झाला याची किळस आली, पण किळस आली म्हणून आनंद काही गेला नाही.

दामिनी पाण्याशी जाऊन बसली. चेहऱ्यावर पाणी मारलं, जळालेल्या भुवईला हात लावून पाहिला. "हात धुवा तुमी," ती म्हणाली. तो तिच्या बाजूला बसला. "साहेब चांगले आहेत," तो म्हणाला.

"मले माहीत होतं ते मुंगूस नोहोतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी काय करू विचारावा तसा. "मुंगूस मले ओळखता नाही येत का? आमच्या वाडीत मुंगूसच मुंगूस."

"मग लिहिलं काऊन?"

"तुमी म्हटलं म्हणून." तिनं पाण्यात हात हलवला. "माझं नाव यादीत आलं, मी तुमाले फोन केला, आठवते? तुमी म्हटलं, अभिनंदन. आपल्या घरी बायकोले कोणी अभिनंदन म्हणते का? मी नंतर लय रडली. तं त्या दिवशी तुमी मुंगूस म्हटलं ना, ते तसंच म्हटलं." तिनं हात पाण्यातून काढला. "मले साहेबाले खरं सांगता आलं असतं. मंग तुमी खोटे पडले असते, गार्डाच्या तोंडून. म्हणून तुमालेच बलावलं. फोनवर तुमाले खोटं बोलता येते. लेंडी हातात घेऊन नाही येत."

ती उठली. पँटचा चिखल झटकून, बेल्ट सारखा करून, पाण्यापलीकडं कुठंतरी पाहत उभी राहिली, तिच्या कामाची सवय म्हणून. पलीकडं काही नव्हतं, बगळे होते. वर पाळीवर साहेबांच्या जीपचं दार वाजलं. भूपेंद्रला वाटलं आता आपल्याला लाज वाटेल, रडू येईल, निदान राग तरी येईल की ही सगळं माहीत असून आपल्याला इथपर्यंत खेळवत घेऊन आली. तसलं काही आलं नाही. आला तो हेवाच, आणि तो आतापर्यंतच्या सगळ्या हेव्यांपेक्षा मोठा होता. तिला पाणमांजरं दिसली होती, ती तर दिसलीच होती. पण त्यांच्याही कितीतरी आधी, एका फोनवर, एका शब्दात, तिला तो दिसला होता, मुंडीपासून शेपटीपर्यंत, आणि तिनं दगड मारला नव्हता. जिच्याबरोबर इतकी वर्षं काढली तिच्यावर त्याला दोन ओळीसुद्धा लिहिता आल्या नसत्या.

जीप सुरू झाली. तो पाळ चढू लागला, चिखलाचे हात मातीत रोवून, घसरत, पुन्हा चढत. साहेबांनी त्याला येताना पाहिलं आणि काच खाली केली.

"काय सर, काही राहिलं का?"

"हो," भूपेंद्र धापा टाकत म्हणाला. "ते मुंगूस तिचं नाही, साहेब. तिनं मले विचारलं होतं. मुंगूस माझं आहे."